पार्कचे जुने फोटो स्कॅन करताय? मागची बाजू सोडू नका

अमेरिकेतल्या यलोस्टोनसारख्या जुन्या नॅशनल पार्कचं (1872 चं आहे ते!) कलेक्शन ऑनलाइन टाकताना घोळ असा होतो की फोटो झकास दिसतो पण कुठला, कधीचा काही कळत नाही, कारण ते पेन्सिलने मागे लिहिलेलं असतं आणि मागची बाजू कोणी स्कॅनच करत नाही.

1. पुढची बाजू झाली की लगेच मागची, फोटो पाकिटात परत जायच्या आत.
2. फाइलची नावं 0001-ए (पुढची बाजू), 0001-बी (मागची) अशी. पुढची शून्यं खाऊ नका, नाहीतर बऱ्याच सिस्टिम 1 नंतर डायरेक्ट 10 लावतात आणि मग बसा शोधत.
3. 600 डीपीआयला (स्कॅन किती बारीक हवं त्याचं सेटिंग) टिफ फाइल, ती मास्टर, म्हणजे हात न लावता जपायची मूळ प्रत. क्रॉप-बिप, रंग उजळणं जे काय करायचं ते वेबसाइटसाठीच्या जेपेग (हलकी फाइल) कॉपीवर.
4. पेन्सिल पुसट असेल तर टॉर्च बाजूने एकदम तिरका धरून मोबाईलने फोटो काढा, कागदावर दाबलेली अक्षरं उठून दिसतात. हे भारी चालतं.

फक्त एक, मागे दुर्मिळ पक्ष्याचं घरटं किंवा पुरातत्त्वाची नेमकी जागा लिहिली असेल तर ती बाजू पब्लिक करू नका, अमेरिकेत अशी माहिती गुप्त ठेवायची सोय 1998 च्या कायद्यातच आहे.