टर्कीपालनात या चुका टाळा: कोंबड्यांचा अनुभव जिथे नडतो

गावरान कोंबड्या नीट सांभाळणारा माणूस टर्की आणतो तेव्हा त्याला वाटतं, निम्मं काम तर येतंच आहे. शेड बांधता येतं, पिल्लांना ऊब देता येते, मानमोडीची लस कधी द्यायची हेही ठाऊक असतं. मात्र खाणं ओळखणं, औषध सोसणं आणि रोगाला तोंड देणं या तिन्ही बाबतींत टर्की कोंबडीपेक्षा फार वेगळी आहे. परसातल्या दहा-वीस पक्ष्यांच्या कळपात होणारं बहुतेक नुकसान हा फरक वेळेवर न कळल्यामुळे होतं, आणि त्यातलं बरंचसं टाळता येतं.

दाणे समोर, तरी पिल्लू उपाशी

कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की काही तासांत टिपायला लागतं. टर्कीच्या पिल्लाची नजर कमजोर असते आणि खाद्य कुठलं हे त्याला लवकर उमगत नाही. भांडं भरलेलं असताना ते शेजारी उभं राहून उपाशी मरतं. तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान पिल्लं काही रोग न दिसता मरू लागली, तर आधी मानेखालची अन्नपिशवी चाचपून पाहा. ती रिकामी लागली, तर औषधांच्या मागे धावू नका, भूक हेच कारण धरा.

उपाय सोपा आहे, पण त्यासाठी जवळ बसावं लागतं. पहिले दोन दिवस उथळ, रंगीत ट्रेमध्ये खाद्य पसरा आणि ट्रेच्या कडेवर बोटांनी हलकेच टकटक करा. आवाजाने पिल्लं वळतात आणि टोचायला लागतात. हिरव्या रंगाकडे ती ओढली जातात, म्हणून बारीक चिरलेला लसूणघास किंवा कोथिंबीर वरून भुरभुरा. पहिले पंधरा दिवस दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं कुस्करून आणि एक लिटर पाण्यात 100 मिली दूध मिसळून देण्याची शिफारस आपल्याकडे केली जाते. दुधाचं पाणी मात्र दर काही तासांनी बदला, उन्हाळ्यात ते लगेच नासतं. पाण्याच्या भांड्यात चकचकीत गोट्या टाकल्या की पिल्लं त्यांना टोचायला जातात आणि पाणी पितात. शिवाय गोट्यांमुळे ती बुडत नाहीत.

ब्रुडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बच्या सोयीखाली, पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस आणि पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी, हा हिशेब ठेवा. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांचं वागणं जास्त सांगतं. बल्बखाली दाटून चिवचिवत असतील तर थंडी आहे, लांब जाऊन धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे, सगळी एकाच बाजूला असतील तर कुठून तरी वारा येतोय. ब्रुडरभोवतीचा पत्रा किंवा पुठ्ठा गोल लावा. कोपरा मिळाला की घाबरलेली पिल्लं त्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. रात्री वीज गेली की हमखास असंच होतं, म्हणून इन्व्हर्टरवर चालणारा एक छोटा दिवा तरी हवाच.

खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका. पाय घसरून फाकतात आणि ते पिल्लू पुढे नीट उभं राहत नाही. खडबडीत कागद किंवा जुनं सुती कापड घाला, आणि पिल्लं खायला शिकली की मग भाताचं तूस टाका. आधीच टाकलात तर ती तूसच खात बसतात.

कोंबड्या आणि टर्की एकाच अंगणात

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. गावरान कोंबड्या मोकळ्या फिरतात, मग टर्कीही त्यांच्यात सोडली जाते. आठवडा-दोन आठवड्यांत टर्की पंख सोडून, मान खाली घालून उभी राहते आणि गंधकासारखी पिवळी पातळ विष्ठा टाकते. कोंबड्या मात्र ठणठणीत असतात, त्यामुळे मालकाला वाटतं की रोग अंगणात नाही, टर्कीच बाहेरून आजार घेऊन आली.

हा ब्लॅकहेड रोग. नावावरून डोकं काळं पडेल अशी वाट पाहू नका, बहुतेकदा ते पडत नाही. हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जीव आतड्यांच्या आंधळ्या पिशव्यांत आणि यकृतात शिरतो. मेलेल्या पक्ष्याचं यकृत उघडलं तर त्यावर खोलगट गोल चट्टे दिसतात. हा जीव कोंबडीच्या पोटातल्या बारीक जंतांच्या अंड्यांत लपून जमिनीवर येतो, आणि ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. गांडूळं ती गिळतात, पावसाळ्यात गांडूळं वर येतात, टर्की ती आवडीने खाते. कोंबडी हा रोग सहसा सोसते, टर्की सोसत नाही.

म्हणून फक्त वेगळं शेड बांधून भागत नाही. गेल्या काही वर्षांत ज्या तुकड्यावर कोंबड्या चरल्या, तो तुकडा टर्कीला देऊ नका. जागाच कमी असेल तर टर्कीला सिमेंटच्या किंवा जाळीच्या फरशीवर ठेवा, आणि शेडमध्ये जाताना चप्पल बदला. कोंबड्यांकडचं काम शेवटी करा, आधी टर्कीकडचं. कोंबड्यांचं जंतनिर्मूलनही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळच्या वेळी करा, कारण टर्कीचा रोग तिथूनच येतो. हा रोग झाल्यावर औषधावर फार भरवसा ठेवता येत नाही. एकेकाळी वापरली जाणारी नायट्रोइमिडाझोल गटातली औषधं खाण्याच्या पक्ष्यांना देण्यावर युरोप-अमेरिकेत बंदी आहे.

मला विचाराल तर, ज्यांना कोंबड्या आणि टर्की वेगळ्या ठेवणं खरोखर शक्य नाही, त्यांनी दोन्हींपैकी एकच पाळावं. हे ऐकायला कठोर वाटतं, पण पिवळ्या विष्ठेने कोलमडणारा पक्षी पाहण्यापेक्षा हा निर्णय आधी घेतलेला बरा.

पातळ विष्ठेचं दुसरं कारण कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यांत परजीवी शिरून होणारा रोग. कोंबडीत रक्ती हगवण दिसते म्हणून लोक टर्कीतही रक्ताची वाट बघतात. टर्कीत ते बहुधा दिसतच नाही, विष्ठा पाण्यासारखी किंवा शेंबडासारखी चिकट येते. ताजा नमुना डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय अंदाजाने औषध देऊ नका.

खाद्याची गोणी वाचा

बाजारात टर्कीचं खाद्य सहज मिळत नाही, म्हणून ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबड्यांचं, आणलं जातं. त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली गंभीर. ब्रॉयलरच्या अनेक खाद्यांत कॉक्सिडिओसिस होऊ नये म्हणून सॅलिनोमायसिन घातलेलं असतं. कोंबडीला चालणारी मात्रा टर्कीला विषारी ठरते. पाय लुळे पडतात, पक्षी छातीवर बसून राहतो, उठता येत नाही, आणि मोठे पक्षी जास्त लवकर जातात. नवी गोणी उघडल्यावर एक-दोन दिवसांत अनेक पक्षी एकदम बसले, तर खाद्य त्याच क्षणी थांबवा, गोणीवरचं लेबल जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुकानदाराला विचारताना औषधाचं नाव घेऊन स्पष्ट विचारा. ‘औषधी नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ असंच उत्तर मिळतं.

दुसरी अडचण प्रथिनांची. पहिल्या चार आठवड्यांत टर्कीच्या पिल्लाला सुमारे 28 टक्के प्रथिनं लागतात, ब्रॉयलर स्टार्टरमध्ये (लहान पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात) ती 22 टक्क्यांच्या आसपास असतात. औषधविरहित स्टार्टर 3 किलो आणि सोयाबीन पेंड 1 किलो असं मिश्रण केलं तर प्रथिनं जवळपास 28 टक्क्यांवर जातात. पण त्याने खनिजं आणि जीवनसत्त्वं पातळ होतात, म्हणून कुक्कुटपक्ष्यांचं खनिज मिश्रण वरून द्यावंच लागतं. हा अडीअडचणीचा मार्ग आहे, कायमचा नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य मात्र पिल्लांना अजिबात नको, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

तिसरी गोष्ट बुरशीची. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की कारण न कळता मेल्या. तेव्हा त्याला ‘टर्की एक्स रोग’ म्हटलं गेलं. शोध घेतल्यावर कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड, आणि त्या तपासातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. आपल्याकडे शेंगदाणा पेंड आणि मका हेच घरगुती खाद्याचे मुख्य घटक, आणि पावसाळ्यात दोन्हींना बुरशी लागायला वेळ लागत नाही. गोण्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी फळ्या घाला. मका दाताखाली कडक फुटायला हवा. वास कुबट आला, गाठी दिसल्या की तो माल टर्कीला द्यायचा नाही. उन्हात वाळवून बुरशी दिसेनाशी होते, विष जात नाही.

खुडूक कोंबडीखाली अंडी

टर्कीची अंडी खुडूक गावरान कोंबडीखाली ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण कोंबडीची आणि टर्कीची अंडी एकदम ठेवू नका. कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात, टर्कीची अठ्ठाविसाव्या. पिल्लं निघाली की कोंबडी ती घेऊन उठते आणि टर्कीची अंडी शेवटच्या आठवड्यात थंड पडतात. सगळी एकत्रच ठेवायची तर टर्कीची सात दिवस आधी ठेवा. आणि पिल्लं बाहेर आली की कोंबडीपासून वेगळी करून ब्रुडरमध्ये हलवा, नाहीतर वरचा ब्लॅकहेडचा धोका पहिल्याच दिवसापासून सुरू होतो.

शेड

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन आत कमी येतं. रुंदी 9 मीटरपेक्षा जास्त नको, छप्पर बाजूंनी मीटरभर पुढे काढा. 5 ते 16 आठवड्यांच्या पक्ष्याला सुमारे अडीच चौरस फूट, त्यापुढे चार आणि अंड्यावरच्या मादीला पाच चौरस फूट जागा लागते. कोंबडीच्या हिशेबाने दाटी केली की पिसं उपटणं आणि टोचाटोची सुरू होते. पिल्लांचं शेड मोठ्यांपासून किमान 50 मीटर दूर हवं.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाची झड ज्या बाजूने येते तिथे ताडपत्री लावा, पण वरचा हात-दोन हात भाग उघडा ठेवा. सगळं बंद केलं की अमोनियाने डोळे चुरचुरतात. तुमचे चुरचुरले तर पक्ष्यांचे कधीचेच चुरचुरत असतील. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात छतावर पाचट आणि दुपारचं गार पाणी याला पर्याय नाही. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या.

हलके, तरुण पक्षी पाच फुटांचं कुंपणही ओलांडतात, म्हणून एकाच पंखाची उडण्याची पिसं कापा. जड जातींना मात्र बसायला उंच दांडी देऊ नका, खाली उडी मारताना पाय जायबंदी होतात. मुंगसाला दोन बोटांची फट पुरते, खालची दोन फूट जाळी बारीक हवी.

नर किती ठेवायचे

लहान जातींत पाच माद्यांमागे एक नर, ब्रॉड ब्रेस्टेड ब्राँझसारख्या जड जातींत तीन माद्यांमागे एक. नर जास्त झाले की माद्यांच्या पाठी सोलून निघतात. अशी मादी जखम भरेपर्यंत वेगळी ठेवा, नाहीतर इतर पक्षी तिथेच टोचत राहतात.

विकायचं कधी, याचा हिशेब उशिरा करणं

गोवा, वसई, मुंबई, पुणे इथे टर्कीला खरी मागणी नाताळात असते. चांगल्या खाद्यावर जड जातीचा नर 16 आठवड्यांत सात किलोच्या आसपास जातो, मादी साडेपाचच्या. म्हणजे डिसेंबरच्या विसाव्या तारखेला पक्षी तयार हवा तर पिल्लू ऑगस्टअखेर घरात हवं, आणि घरगुती खाद्यावर हळू वाढणाऱ्या पक्ष्यांसाठी जुलैत. ब्रुडिंग भर पावसात येतं, तेव्हा ब्रुडरची खोली, कोरडा तूस आणि विजेची सोय जूनमध्येच उभी करा. हॅचरीला मागणी त्याच महिन्यात नोंदवा, आणि त्याआधी दोन-चार हॉटेलं किंवा केटरर यांच्याशी वजन, दर आणि पक्षी जिवंत घेणार की साफ करून, हे बोलून घ्या.