पोरगं ऐकतच नाही, तेव्हा शिक्षकाला कायद्याने काय काय करता येतं

छडी गेली तसे आपले सगळे अधिकारच गेले असं स्टाफरूममध्ये सारखं ऐकू येतं, आणि मग चांगली चांगली माणसं वर्गात तोंड उघडायला घाबरतात. एवढं घाबरू नका, फक्त हद्द कुठे आहे ते नीट माहीत पाहिजे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 म्हणतं मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही, म्हणजे अंगठे धरायला लावणं, सगळ्यांसमोर आईबापावरून बोलणं हेही बंद. कलम 16 मुळे आठवीपर्यंत शाळेतून काढता येत नाही, त्यामुळे 'दाखला घेऊन जा' ही धमकी देऊच नका.

पण मारामारी जुंपली तर बिनधास्त मध्ये पडा, धरून बाजूला करा. स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवायला लागेल तेवढं बळ वापरता येतं, भारतीय न्याय संहितेत कलम 34 पासून पुढे बघा. सोडवून झाल्यावर मारलेली चापट मात्र शिक्षा धरली जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नोंद. 'फार त्रास देतो' असं लिहून काहीच उपयोग नाही हो. असं लिहा: 'तिसरा तास, गणित. कंपास फेकला, पुढच्या बाकावरच्या मुलाच्या कपाळाला लागला, हेडसरांकडे नेलं, 12.40 ला आईला फोन केला.' खाली तारीख, सही, आणि त्याच दिवशी हेडसरांना लेखी देऊन पोच घ्या. पालक येऊन गेले की त्यांचीही सही, नाही म्हणाले तर 'सहीस नकार' लिहून सोबतच्या शिक्षकाची घ्या. परत परत तेच झालं तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्यायला लावा, एकट्याने ओढत बसू नका.

मूल अचानक बिघडलं असेल तर घरी काय चाललंय तेही विचारा, प्रेमाने विचारा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, संस्था 'थांबा' म्हणाली तरी.

पालक अंगावर धावून आले तर जिल्हा परिषदेचा शिक्षक लोकसेवक असतो, न्याय संहितेचं कलम 132 (कामावरच्या लोकसेवकावर हल्ला) लागू शकतं, लगेच तक्रार द्या. खाजगी शाळेतल्या कायम शिक्षकाला महाराष्ट्राच्या 1977 च्या कायद्याप्रमाणे चौकशीशिवाय काढता येत नाही, काढलंच तर शाळा न्यायाधिकरणात 30 दिवसांत अपील करायचं, आणि हे दिवस ऑर्डर मिळाल्यापासून मोजतात म्हणून ऑर्डर ज्यात आली ते पाकीट जपून ठेवा, मिळाल्याची तारीख त्यावरच लिहा.