परदेशी ड्युटीवरून कोल्हापुरात जुनी फोर-बाय-फोर जीप कशी घ्यावी

माझी पहिली जीप मी कांगोत बसून घेतली. गोम्याला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होतो. दिवसभर लाव्ह्याच्या काळ्या दगडांवरून फोर-बाय-फोर गाड्या उड्या मारताना बघायच्या आणि संध्याकाळी मोबाइलवर गावाकडच्या जुन्या जीपा. मेहुण्यानं सत्तेचाळीस फोटो पाठवले, वर व्हॉइस मेसेज : "दाजी, नाद खुळा गाडी हाय, सोडू नका!" सोडली नाही. काय झालं ते पुढे सांगतो. आता रिटायर होऊन इथंच आहे आणि फौजेतल्या, बोटीवरच्या, आखातातल्या सात-आठ जणांना लांबून जीप घेऊन दिली आहे. म्हणून 'चांगला मेकॅनिक दाखवा, कागद तपासा' एवढंच सांगणारे सल्ले वाचले की डोकं फिरतं. चांगला म्हणजे कोण, आणि तपासायचं म्हणजे नेमकं काय?

पैसे किती, गाडी लावायची कुठं, घरच्यांची परवानगी, हे तुमचं तुम्ही बघा.

गाडी कोणती

महिंद्राची एमएम ५४०. विषय संपला. प्युजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन, सरळ साधी गाडी, आणि गडहिंग्लजपासून गगनबावड्यापर्यंत कुठंही बंद पडली तरी तिच्यात हात घालणारा मिस्त्री सापडतो. फौजी माणसाचा जीव जोंगावर असतो, माझाही आहे. जबलपूरला निसानच्या परवान्यावर बनलेली, सहा सिलिंडरची, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. पण जोंगा घ्यायची तर स्वतः इथं राहून. तिचे पार्ट शोधणं हीच एक नोकरी आहे. लष्कराच्या लिलावातली गाडीही लांबून घेऊ नका. आधीच्या मालकानं सिव्हिल नंबर काढून घेतला असेल तरच विचार करा.

'विंटेज' शब्दाचा मोहही आवरा. २०२१च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. शिवाय इंजिन, चेसिस, बॉडी मूळ अवस्थेत असावी लागते आणि ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे अपग्रेड करायचं आणि 'व्हीए' सिरीजची नंबर प्लेटही मिरवायची, हे एका गाडीत जमत नाही. आपल्याला जुनी, चालती, साध्या नंबरची जीप हवी आहे.

गाडी दुसऱ्याच्या हातांनी बघणं

सगळी गोम इथंच आहे. मी इथंच फसलो.

मेहुण्याच्या सत्तेचाळीस फोटोंत गाडीच्या खालचे दोन होते. दोन्हींत चेसिस काळीकुळकुळीत, चकचकीत. मी खूश : मालकानं किती निगा राखलीय! सुट्टीवर आलो, पन्हाळ्याचा चढ चढताना गाडी डावीकडं ओढायला लागली. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखाने-गॅरेजांच्या वस्तीत, रॅम्पवर चढवली. एका म्हाताऱ्या डेंटरनं स्क्रूड्रायव्हर घेऊन तो काळा रंग खरवडला, तर पुढच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरमागं चेसिसला पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून बसवलेला. आतलं लोखंड पापडासारखं. त्या गंजानं चेसिस नंबरचे दोन आकडेही खाल्ले होते, त्यामुळे पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, गाडी परत पाठवली. त्या गाडीचं पुढं काय झालं ते विचारू नका, भंगाराचा भाव मात्र मला पाठ आहे. चूक मेहुण्याची नाही. ज्याला गाडी आवडली आहे त्यालाच मी ती तपासायला पाठवलं होतं.

माणूस निवडताना इंजिनवाला मिस्त्री नको, डेंटर किंवा वेल्डर बघा. इंजिन बिघडलं तर पैसे जातात, चेसिस कुजली तर गाडी जाते. इंजिनवाला आधी बॉनेट उघडतो आणि आवाजात रमतो. डेंटर आधी खाली झोपतो. माणूस साठीच्या पुढचा आणि जरा खडूस असलेला बरा. त्याला दिवसाची हजेरी, जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण द्या, आणि आधीच सांगा की गाडी चांगली निघो वा वाईट, पैसे तेवढेच. सौद्यावर कमिशन ठेवलंत की तो माणूस विकणाऱ्याचा झाला. मी ज्यांना पाठवतो त्यांना मामा म्हणतो. त्यांना एकच काम सांगतो : ही गाडी का घेऊ नये ते शोधा. मामा फोन उचलतात ते "मेजर, नगा घेऊ" म्हणतच. (आमच्याकडं प्रत्येक फौजी मेजरच असतो.) पाच गाड्यांना हेच ऐकल्यावर सहाव्या वेळी ते नुसते "बगा" म्हणाले, तेव्हा मी ओळखलं की गाडी घ्यायची.

व्हिडिओ कॉल करू नका. कॅम्पातल्या नेटवर चित्र फुटतं, गंज आणि चिखल सारखेच दिसतात आणि विकणारा मध्ये बोलत राहतो. मोबाइलवर न तोडता सलग रेकॉर्डिंग करायला लावा, रात्री वायफायवर उतरवून घ्या, थांबवत थांबवत दोनदा बघा, मगच फोन करा. गोम्यात संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा इथं रात्रीचे नऊ झालेले असतात. मामा जेवून निवांत असायचे, मीही ड्युटीवरून सुटलेलो असायचो. तुमच्या ठिकाणची अशी वेळ ठरवून ठेवा.

मामांसोबत जायचं सामान : छोटा हातोडा, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, लोहचुंबक, जॅक, गवंड्याचा ओळंबा, टेप, कोरा कागद, पेन्सिल आणि अंगाखाली टाकायला पोतं.

व्हिडिओची सुरुवात बॉनेटवर हात ठेवून. बॉनेट गरम असेल तर विकणाऱ्यानं आधीच गाडी तापवून ठेवली आहे. चहा पिऊन या, दोन तास थांबा. हे जुनं डिझेल थंड असताना कसं सुरू होतं त्यावरच कॉम्प्रेशन कळतं. हीटर देऊन सेल्फ मारल्यावर लगेच पकडलं तर ठीक. नंतर चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढायचं. धुराचा भपका फकफक करत बाहेर आला तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे बोरचं, सिलिंडर पुन्हा घासून घ्यायचं, काम आलं. ते चालेल, तेवढे पैसे किमतीतून कापा.

मग खाली. पुढून मागपर्यंत चेसिसच्या दोन्ही लेगांवर, म्हणजे लांब उभ्या पट्ट्यांवर, हातोडा वाजवत जायचं, आवाज रेकॉर्ड झाला पाहिजे. चांगलं लोखंड टण्ण वाजतं, कुजलेलं भद्द. पाट्यांचे हँगर, बॉडी जिथं चेसिसवर टेकते त्या जागा आणि मागचा आडवा मेंबर इथं चिखल साठतो. आपल्याकडं राधानगरी-गगनबावडा पट्ट्यात राहिलेली गाडी असेल तर या जागा खाल्लेल्याच असतात, किती खाल्ल्यात एवढंच बघायचं. बॉडीवर लोहचुंबक फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. आणि चेसिसला नवा काळा रंग असेल तर तीन ठिकाणी रुपयाएवढा खरवडून बघायची परवानगी मागा. विकणारा नाही म्हणाला तर तेच उत्तर समजायचं. उठायचं, पोतं झटकायचं, घरी यायचं.

आता ओळंबा. पुढच्या डाव्या पाट्याच्या बोल्टपासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करायची, तसंच मागच्या उजव्या. नंतर उलट दोन कोपरे. दोन्ही तिरकी मापं टेपनं घ्यायची. दोन मापांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक पडला तर चेसिस वाकलेली आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि हेच केलं असतं तर पहिली जीप घेतलीच नसती.

पुढची चाकं जॅकवर उचलून वरून-खालून हलवायची. खटखट आली तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) किंवा बेअरिंग गेलं. मोठा खर्च नाही, पण ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थडथडतं ते यानंच.

शेवटी फोर-बाय-फोर खरंच चालतं का ते बघायचं. डांबरावर अजिबात नाही. पुढच्या-मागच्या चाकांना वेगळा वेग घेऊ देणारं काही या गाडीत नाही, वळताना सगळा ताण गिअरवर येतो. ऊस तुटलेलं ओलं रान शोधा, पुढच्या चाकांचे हब लॉक करा, लिव्हर टाका आणि पुढचं चाक चिखल उडवतंय का ते बाजूनं शूट करा. कोल्हापूर जिल्ह्यात हे विशेष बघा, कारण वडापात, म्हणजे गावोगाव सीटवर प्रवासी भरून नेण्यात, आयुष्य काढलेली टू-व्हील जीप, तिला भंगारातलं पुढच्या अॅक्सलचं हाऊसिंग लावून 'ओरिजिनल फोर-बाय-फोर' म्हणून विकणारे महाभाग आहेत. आरसीवरचं मॉडेल आणि समोरची गाडी जुळते का, ते घरी बसलेल्या तुम्हीच ताडून बघायचं.

सगळं झालं की कागद चेसिस नंबरवर ठेवून पेन्सिल घासायची, आरटीओत घेतात तशी प्रिंट. त्या प्रिंटचा आणि आरसीचा एकत्र फोटो. आकडे ओबडधोबड, वाकडेतिकडे किंवा आजूबाजूला ग्राइंडर फिरवलेला दिसला तर किंमत निम्मी केली तरी घ्यायची नाही.

कागद

गाडी बायकोच्या, नाहीतर इथं राहणाऱ्या घरच्या माणसाच्या नावावर घ्या. ऐकायला बरं वाटत नसेल, पण सह्या, आधारचे ओटीपी, आरटीओतली हजेरी हे सगळं तुम्ही तीन देश लांबून करणार नाही. स्वतःच्याच नावावर हवी असेल तर आधारला जोडलेलं भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर एका ओटीपीसाठी सुट्टीपर्यंत थांबावं लागेल.

मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० सौद्याच्या दिवशीच सही होऊन हातात. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर फॉर्म ३५ विकणाऱ्यानं आणायचा, "बँकेतनं नंतर आणून देतो" चालणार नाही. इन्शुरन्स नव्या नावावर करायला चौदा दिवसांच्या आत अर्ज करा. निपाणी-बेळगावकडच्या केए नंबरच्या जीपा स्वस्त दिसतात, पण तिकडची एनओसी आणि इकडचा टॅक्स मिळवला की फरक उरत नाही.

खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी असतं. आरसीची मुदत संपली असेल तर पासिंग विकणाऱ्यानं करून द्यायचं. पर्यावरण कर आणि नूतनीकरणाची फी आता किरकोळ राहिलेली नाही, खासगी मोटारीची फी २०२२ मध्येच सहाशेवरून पाच हजारांवर गेली. पण पैशापेक्षा महत्त्वाचं हे की पासिंगला अडकणारी गाडी कळते, आणि ती त्याच्या दारात अडकलेली बरी.

पैसे

टोकन थोडं, बाकी रक्कम कागद हातात आल्यावर, सगळं बँकेतून. गॅरेजलाही एकरकमी उचल देऊ नका. एक काम, त्याचे फोटो, मग पुढचे पैसे. काढलेला प्रत्येक जुना पार्ट पोत्यात भरून ठेवायला सांगा, सुट्टीवर आल्यावर पोतं उघडून बघा. प्रामाणिक मिस्त्रीला याचं वाईट वाटत नाही.

अपग्रेड

आधी ब्रेक. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होस पाइप, लायनर, सगळं नवं. मग स्टिअरिंगचे जॉइंट, किंगपिन. मग पाटे, बुश, शॉकअप. मग वायरिंग पूर्ण नवीन आणि जास्तीचे फ्यूज, कारण जुन्या जीपेला आग लागते ती इथूनच. मग रेडिएटर. इंजिनचं काम निघालं तर बोर, क्रँक, हेड हे सगळं उद्यमनगरातल्या लेथवर होतं, त्यासाठी पुण्याला गाडी पाठवू नका. रंग सगळ्यात शेवटी आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर नकोच. पावसाळी हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि मिस्त्री म्हणतो पॉलिशनं जाईल. जात नाही.

बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. आधी रुंद टायर, मग एलईडी, मग बुलबार. या गाडीचं मूळ माप ६.०० - १६ आहे. दोन बोटं मोठं चालतं, पण ट्रॅक्टरसारखे टायर घातले की स्टिअरिंग जड, ब्रेक कमी आणि चढाला दुसऱ्या गिअरमध्ये रडारड. बुलबारवर तर २०१७च्या डिसेंबरपासून केंद्राचीच बंदी आहे. दुसऱ्या कंपनीचं ताकदवान इंजिन टाकायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. आरसीवरच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तेच बघते. प्युजोचं इंजिन नीट बांधलं तर आंबोली घाट चढतं. सावकाश चढतं. घाई असेल तर बस आहे.

गॅरेजच्या तारखेत गणपतीचा पंधरवडा आणि जोतिबाची यात्रा मिळवूनच सुट्टी ठरवा. त्या दिवसांत पोरं कामावर नसतात, आणि नसावीत.

तुम्ही पोचेपर्यंत गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवायला सांगा आणि पंधरा दिवसांनी कुणीतरी ती जोडून गाडी गावाबाहेर फिरवून आणायची. नुसती जागेवर चालू करून बंद करणं उपयोगाचं नाही.

पहिली फेरी

सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी दाजीपूर, गोवा असले बेत नकोत. आधी जोतिबा, पन्हाळा, मसाई पठार, म्हणजे टोचन करून आणता येईल एवढ्याच अंतरावर. पाचशे किलोमीटर झाले की ऑइल बदला आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवे पाटे बसताना दबतात आणि बोल्ट सैल पडतात. माझ्या आत्ताच्या जीपेचे चारही बाजूंचे पाऊण-पाऊण फेरा आवळावे लागले होते. मामांनी त्या मापाचा पाना सीटखाली ठेवलाय, तो मी काढलेला नाही.