जेवढी जगवता येतील तेवढीच लावा: पावसाळी वृक्षलागवडीचा सल्ला

पाऊस लागला की रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, बांधावर, जागा दिसेल तिथे रोपे उभी राहतात. त्यातली किती टिकली हे वैशाखात कळते. म्हणून यंदा आकडा ठरवताना रोपे किती मिळाली हे पाहू नका. फाल्गुनापासून पुढच्या मृगापर्यंत किती झाडांना नेमाने पाणी घालता येईल, एवढेच आधी ठरवा. वीस झाडांना जमणार असेल तर वीसच लावा. शंभर लावून ऐंशी वाळवण्यापेक्षा ते फार मोलाचे काम आहे. कोणते झाड कोणत्या घराकडे, ही नावेही लागवडीपूर्वीच लिहून काढा. ‘सगळ्यांचे झाड’ म्हटले की पाणी कोणीच घालत नाही.

पहिल्या सरीला घाई नको. वरची माती ओली दिसते, पण कुदळ मारली की वितीखाली कोरडी धूळ निघते. ओल हातभर खोल गेली की लागवड करा. खड्डे आधी काढले असतील तर एक खड्डा पाण्याने काठोकाठ भरून पाहा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल तर तिथे कडुनिंब लावू नका, पाणथळ जागा त्याला सोसत नाही. अशा ठिकाणी अर्जुन, करंज किंवा जांभूळ चालेल. वर वीजतारा असतील तर उंच वाढणारे झाड टाळा, नाहीतर दरवर्षी त्याचा शेंडा छाटला जाईल. वड-पिंपळ भिंतीपासून आणि पाइपलाइनपासून चांगले लांब, मोकळ्या जागेतच हवेत.

रोप निवडताना उंचीला भुलू नका. लहान पिशवीत वर्षानुवर्षे राहिलेले उंच रोप दिसायला भारी, पण आत मुळे गोल गोल फिरून त्यांचा विळखा झालेला असतो. तसेच लावले तर मुळे बाहेर पसरतच नाहीत. पाच-सहा वर्षांनी झाड मोठे झाल्यावर तीच मुळे बुंध्याला आवळतात आणि जोराच्या वाऱ्यात झाड मुळापासून कलते. त्यामुळे पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढा, नुसती तळाशी फाडून भागत नाही. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू देऊ नका. बाहेरून गुंडाळलेली मुळे दिसली तर धारदार चाकूने तीन-चार ठिकाणी उभे काप द्या. रोप याने दुखावत नाही, कापलेल्या जागेतून नवी मुळे फुटून सरळ मातीत शिरतात.

आता खोली. सर्वांत जास्त रोपे इथे फसतात. खोड जिथे किंचित रुंद होऊन मुळे सुरू होतात, ती जागा बोटाने माती बाजूला करून शोधा. ती जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वर राहिली पाहिजे. खोडावर वीतभर माती चढवली की साल सतत ओली राहून कुजते, मुळांना हवा मिळत नाही आणि रोप दोन-तीन वर्षे खुरटत राहून मरते. खड्डा हुंडीच्या दोन-तीन पट रुंद घ्या, कारण मुळे खोलवर जाण्यापेक्षा आडवी जास्त पसरतात. खोली मात्र हुंडीएवढीच ठेवा. तळाची माती फार भुसभुशीत केली की ती नंतर दबते आणि रोप खाली बसते. शेणखत पूर्ण कुजलेले असेल तरच मातीत मिसळा. अर्धवट कुजलेल्या खतासोबत हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि वाळवी येते.

काठीचा आधार वाऱ्याच्या जागीच द्या, तोही सैल आणि मऊ पट्टीने. खोड थोडे हलले पाहिजे, त्या हालचालीनेच ते जाड आणि मजबूत होते. रोपाभोवती मीटरभर वर्तुळात गवत वाढू देऊ नका आणि तिथे चार बोटे जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन करा. ते खोडाला चिकटू देऊ नका. पाऊस संपल्यावर आळे मोठे करा. रोज तांब्याभर पाणी घातले तर मुळे वरच्या थरातच राहतात. हलक्या जमिनीत आठवड्यातून दोनदा, भारी जमिनीत एकदा दोन बादल्या सावकाश जिरवल्या तर मुळे खाली उतरतात. असे निदान दोन उन्हाळे सांभाळावे लागते.

या धावपळीत आधीपासून उभ्या असलेल्या मोठ्या झाडांकडे दुर्लक्ष होते. नव्या रोपाला तशी सावली धरायला पंधरा-वीस वर्षे लागतील, हे लक्षात घेऊन त्यांना आधी जपा. बुंध्यापर्यंत काँक्रीट आले असेल तर सभोवती मीटर-दीड मीटर फोडून माती उघडी करा. खिळे आणि तारा काढा. बुंध्याशी पालापाचोळा जाळणे पूर्ण बंद करा, कारण आचेने सालीखालचा जिवंत थर मरतो आणि खोड तिथूनच पोखरू लागते. चर खणताना जाड मुळे तोडू नका. वाळलेली फांदी काढायची तर जाणकाराकडून काढा. आधी खोडापासून थोडे लांब, खालून अर्धी चीर द्यायची, मग वरून तोडायची, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. शेवटचा काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेर घ्या. तो फुगवटा राखला की जखम लवकर भरते, रंग किंवा डांबर लावायची गरज नाही.

गेल्या चार-पाच वर्षांत लावलेल्या झाडांचे पिंजरे याच महिन्यात तपासा. जाळीची तार सालीत रुतून वर-खाली फुगवटे आलेले दिसले तर ती लगेच तोडा. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांना जाते, ती वाट तार बंद करते. पूर्ण रुतलेला तुकडा ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी कापून आतला तसाच राहू द्या. जिथे झाड गेले असेल तिथे नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, पुष्य नक्षत्रापर्यंत नवे रोप लावून भरून घ्या, म्हणजे रोपाला पावसाचे दोन महिने तरी मिळतात.