जीपीए (ग्रेडची सरासरी, ४.० पैकी) कमी आहे, तरी अमेरिकेत मेडिकलला अप्लाय करायचंय?

आधी एक्सेल उघडा आणि सगळी ट्रान्सक्रिप्ट त्यात टाका, कारण एएमसीएएस (तिथल्या मेडिकल कॉलेजांची सामायिक अर्ज सेवा) रिपीट केलेल्या कोर्सचे जुने ग्रेडसुद्धा धरतं, शिवाय बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्सचा सायन्स जीपीए वेगळा काढतं. आता गणित बघा. १२० क्रेडिटवर ३.१ असेल आणि पोस्ट-बॅकमध्ये (पदवीनंतर केलेले जादा कोर्स) ३० क्रेडिट सरळ ४.० ने काढले तरी एकूण होतो जेमतेम ३.२८. एवढी मरमर करून एवढंच! पण आकडा फारसा हलला नाही तरी ग्रेड वर चाललेत हा ट्रेंड दिसतो, अ‍ॅडमिशनवाले तो बघतात, म्हणून हे कोर्स अवघड सायन्सचेच घ्या, सोपे घेऊन काही उपयोग नाही.

एमकॅट (MCAT, मेडिकलची प्रवेश परीक्षा) चा स्कोअर ४७२ ते ५२८ मध्ये असतो, प्रॅक्टिस टेस्टला हवा तो स्कोअर सलग येईपर्यंत तारीख घेऊच नका, घाईत दिलेली परीक्षा रेकॉर्डवरून पुसली जात नाही.

डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची पदवी देणाऱ्या) कॉलेजेसना पण अर्ज टाका, तिथले विद्यार्थी पण पूर्ण डॉक्टरच होतात, उगाच नाकं मुरडू नका. अर्ज जूनमध्येच जाऊ दे, बऱ्याच ठिकाणी रोलिंग अ‍ॅडमिशन असतं, म्हणजे अर्ज येतील तसे निर्णय देत जातात. आणि निबंधात कमी मार्कांचं कारण दोन-तीन ओळीत सांगून मोकळं व्हा, रडगाणं नको.