कॉलेजच्या रिपॉझिटरीत शोधनिबंध ठेवताय? या चुका टाळा

नॅकचं, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचं, मूल्यांकन जवळ आलं की बऱ्याच कॉलेजांना आपल्या रिपॉझिटरीची, म्हणजे शोधनिबंध ठेवण्याच्या ऑनलाइन संग्रहाची, आठवण होते. प्राध्यापकांकडून पेन ड्राइव्ह मागवले जातात, आठवडाभरात पीडीएफचा ढीग अपलोड होतो आणि अहवालात आकडा लिहिला जातो. पुढच्या वर्षी एखादी विद्यार्थिनी त्याच विषयावर मराठीत शोध घेते आणि तिच्या हाती काहीच लागत नाही. मराठी संशोधनाच्या बाबतीत हे सर्रास घडतं. त्याचं वाईट अशासाठी वाटतं की यातली बहुतेक कारणं थोडं लक्ष दिलं तर दूर होण्यासारखी असतात.

जुन्या फॉन्टमधली पीडीएफ तशीच चढवणं

मराठी रिपॉझिटरीचं सगळ्यात मोठं दुखणं हे आहे. आपले कितीतरी निबंध आणि प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत. पडद्यावर अक्षर सुरेख दिसतं, छपाईही नीट येते. पण संगणकाच्या लेखी तिथे देवनागरी नसतेच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. मग ‘दुष्काळ’ असा शोध घेतला तर निबंधात तो शब्द पन्नास वेळा असूनही मिळणार कसा?

तपासणी अगदी सोपी आहे. पीडीएफ उघडा, मधलीच एखादी ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर ठीक. कंस, डॉलर आणि रोमन अक्षरांची खिचडी उमटली तर फाइल जुन्या फॉन्टची आहे. काहीच उमटलं नाही तर ती नुसती स्कॅन केलेली चित्रं आहेत.

मूळ वर्ड फाइल हाताशी असेल तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला खरी देवनागरी कळते त्या पद्धतीत, बदलून घ्या आणि जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी एकदा डोळ्यांखालून घाला, कारण कन्व्हर्टर नेमका तिथेच घसरतो. मूळ फाइल नसेल तर ओसीआर करा, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं संगणकाकडून वाचून घ्या. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी वाचतं आणि ओसीआरमायपीडीएफ त्याच्या मदतीने पीडीएफमध्ये मजकुराचा अदृश्य थर घालतं. इथे एक अडचण हमखास येते: जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये आधीच ‘मजकूर’ आहे असं म्हणून ते काम नाकारतं. तेव्हा ‘फोर्स ओसीआर’चा पर्याय द्यावा लागतो. ओसीआर शंभर टक्के बिनचूक नसतो, पण शोधात सापडण्यापुरता बहुतेकदा पुरतो.

आणखी एक बारकी गोष्ट. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातला ऱ्या युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. शोधयंत्र मात्र त्यांना वेगळे शब्द समजू शकतं. शीर्षकात असं अक्षर असेल तर ‘शेतकरी’ हा साधा शब्द विषयशब्दांत जरूर टाका.

चुकीची आवृत्ती देणं

परदेशी नियतकालिकात निबंध आला की बहुतेक जण प्रकाशकाचा लोगो असलेली, पानांचे आकडे पडलेली देखणी पीडीएफ ग्रंथपालाकडे पाठवतात. निबंध मुक्त परवान्याखाली आला असेल तर त्याला हरकत नाही. वर्गणीच्या नियतकालिकातला असेल तर ती प्रत बहुधा ठेवता येत नाही. परवानगी असते ती स्वीकृत हस्तलिखिताला, म्हणजे परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारून संपादकांनी स्वीकारलेल्या, पण प्रकाशकाने अजून न सजवलेल्या प्रतीला. “सर, तुमची शेवटची वर्ड फाइल द्या,” असं ग्रंथपाल म्हणतात ते याचसाठी. ती सापडत नसेल तर संपादकांना पाठवलेल्या मेलमध्ये किंवा नियतकालिकाच्या सबमिशन पोर्टलवर शोधा, बहुधा तिथे मिळते.

त्यातही बरेच प्रकाशक मुदत घालतात: तेवढा काळ ही प्रत खुली करायची नाही. स्प्रिंगरच्या वर्गणीच्या नियतकालिकांत ती साधारण १२ महिन्यांची असते. कोणतं नियतकालिक काय चालवून घेतं हे जिस्क या ब्रिटिश संस्थेच्या ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ संकेतस्थळावर पाहता येतं. जुन्या लोकांना ती सेवा शेर्पा रोमिओ या नावाने ठाऊक असेल. मुदत संपेपर्यंत थांबायचं आणि मग विसरून जायचं, असं करू नका. डीस्पेस या रिपॉझिटरी चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये निबंध आजच जमा करून खुलं होण्याची तारीख घालता येते. त्या दिवसापर्यंत नोंद दिसते, फाइल बंद राहते.

मराठी नियतकालिकांची गोष्ट वेगळी आहे. तिथे लेखकाकडून सहसा कसला करार लिहून घेतला जात नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम १९ प्रमाणे हक्क सोपवायला लेखी आणि सही केलेला दस्त लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतात. म्हणजे तुम्ही कुठे सही केलेली नसेल तर आपल्याच लेखावरचे हक्क बहुधा तुमच्याकडेच आहेत. तरीही संपादकांना एक मेल टाकून कळवावं आणि नोंदीत अंकाचा पूर्ण तपशील द्यावा, ही साधी रीत आहे.

परवाना घाईत निवडणं

क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे आपलं लेखन इतरांनी कसं वापरावं हे सांगणारा तयार परवाना एकदा दिला की ज्याने तो घेतला त्याच्याकडून परत मागता येत नाही. प्रकाशकाने फक्त बिगर-व्यावसायिक वापराला मुभा दिली असेल तर त्याच निबंधावर सर्वात खुला ‘सीसी बाय’ (लेखकाचं नाव देऊन कसाही वापर चालेल असा) लावू नका. हक्क पूर्ण तुमचे असतील तर मात्र बिनधास्त लावा. अनुवादाची, पुनर्मुद्रणाची वाट त्यानेच मोकळी होते.

नोंद अर्धवट भरणं

शीर्षक इंग्रजीत, सारांश रिकामा आणि भाषेच्या रकान्यात आपोआप आलेलं ‘अमेरिकन इंग्रजी’ तसंच. मराठी निबंधाची अशी नोंद फार ठिकाणी दिसते. शीर्षक आणि सारांश दोन्ही भाषांत टाइप करा. पीडीएफचा मजकूर नीट वाचला जात नसला तरी निदान नोंदीतून निबंध सापडतो. लेखकाचं नाव एकदा वडिलांच्या नावासह, एकदा आद्याक्षरांनी, एकदा लग्नाआधीच्या आडनावाने आलं तर एकाच बाईंचे निबंध तीन जणांच्या नावावर विखुरतात. ऑर्किड या संशोधकांची ओळख पटवणाऱ्या सेवेचा सोळा अंकी क्रमांक मोफत मिळतो, तो जोडून टाका.

बाहेरून न तपासणं

अपलोड झाल्यावर कॉलेजच्या वायफायवरून पान उघडून खूश होऊ नका. मोबाइलचा डेटा चालू करून तेच पान उघडा. काही रिपॉझिटऱ्या फक्त कॅम्पसच्या जाळ्यात दिसतात, आणि हे कुणाच्या गावीही नसतं.

मग पानावरचा कायमचा दुवा पाहा. डीस्पेस बसवताना हँडलचा, म्हणजे या कायमच्या दुव्याच्या क्रमांकाचा, उपसर्ग मुळात १२३४५६७८९ असा नमुन्यादाखल दिलेला असतो. कॉलेजने स्वतःचा उपसर्ग नोंदवून घेतला नसेल तर तोच आकडा दुव्यात राहतो आणि हँडलच्या जागतिक सेवेतून तो दुवा उघडतच नाही. सर्व्हर बदलला की संदर्भसूचीत दिलेले सगळे पत्ते निकामी होतात. रिपॉझिटरी लहान असतानाच हे करून घ्यावं.

फाइल बरोबर असूनही तिच्या आतला मजकूर रिपॉझिटरीच्या शोधात येत नसेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्यांना विचारा: डीस्पेसची ‘फिल्टर-मीडिया’ ही आज्ञा रोज चालते का? पीडीएफमधला मजकूर तीच काढून देते. गूगल स्कॉलरसाठी फाइल ५ एमबीच्या आत ठेवा.

परिशिष्ट न चाळणं

समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि ग्रामीण विकासाच्या प्रबंधांत शेवटी मुलाखत दिलेल्यांची यादी असते: नाव, गाव, मोबाइल नंबर, कधी आजारपण, कधी कर्जाची रक्कम. परीक्षकांपुरत्या चार छापील प्रतींत ती होती तोवर वेगळं होतं. आता ती जगभर खुली होते. त्या माणसांनी विश्वासाने माहिती दिली होती, जगाला दाखवायला संमती दिली नव्हती. ती पानं काढून वेगळी प्रत करा, आणि नोंदीत ‘परिशिष्ट वगळले आहे’ असं लिहा. फोटोंतल्या चेहऱ्यांनाही हेच लागू.

अपलोडनंतर असं काही लक्षात आलं तर नोंद उडवून नवी करू नका, दुवा बदलतो आणि ज्यांनी संदर्भ दिला त्यांची वाट बंद होते. त्याच नोंदीत फाइल बदला आणि तारखेसह कारण लिहा. निबंध पूर्णच मागे घ्यायचा असेल तर डीस्पेसमधला ‘विथड्रॉ’ वापरा. पत्ता शाबूत राहतो, आणि तिथे येणाऱ्याला निबंध मागे घेतल्याचं कळतं.