आई-वडिलांची सकाळ: अंथरुणातून अंघोळीपर्यंत

म्हातारपणी पडण्याचा धोका सकाळी उठताना फार असतो. आडवं असताना रक्तदाब ठीक असतो, एकदम उभं राहिलं की तो खाली येतो आणि चक्कर येते. म्हणून आधी कुशीवर वळवा, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसू द्या. घोट्यापासून पावलं वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवायला सांगा. मगच उभं करा, तेही काखेत हात घालून ओढून नव्हे, खांदा दुखावतो. रोजच चक्कर येत असेल तर बसून आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी बीपी मोजा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवा, गोळ्या मनानं बंद करू नका.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या ते एक तासानंतर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवा, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही.

अंघोळीला रबरी बुडाचं, पाठ टेकता येईल असं स्टूल घ्या. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. मधुमेहात पावलांना चटका अनेकदा कळत नाही, त्यामुळे पाणी तुमच्या कोपरानं तपासा. आधाराला टॉवेलचा दांडा चालत नाही, तो भिंतीतून उपटून येतो. भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडाच हवा. आणि कडी आतून लावू देऊ नका. संकोच वाटत असेल तर दाराबाहेर थांबा, अधूनमधून बोलत राहा.